खिळ्यावरची डवली

मित्रांनो, मी एक जुनी डवली आहे. डवली म्हणजे काय, हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल आणि त्याचा मला थोडा रागच येतो. नारळाची करवंटी घासून गुळगुळीत करायची, तिला भोके पाडून बांबूची दांडी ओवायची, की झाली भात-वरण वाढायची डवली. पावस गावात दादूंच्या घरी, स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका खिळ्याला मी टांगलेली असते.

मला चिमाबाईंच्या भावाने बनवले. चिमाबाई म्हणजे दादूंची बायको. त्यांचा नितेश बोळक्या तोंडाचा होता तेव्हापासून मी त्याच्या जेवणाला हजर. चिमाबाई माझ्या पाठीने मऊ भात कुस्करायच्या, त्यावर मुगाचे वरण, वर तुपाची धार. सकाळी नाचणीची पेज, दुपारी उकडलेले रताळे. नितेश निम्मे खायचा, निम्मे अंगाला फासायचा. त्याने ओठ मिटले की चिमाबाई मला लगेच खाली ठेवायच्या. शेजारची गंगूबाई म्हणायची, "अगो, अजून दोन घास घाल की." त्यावर चिमाबाई हसून म्हणायच्या, "पोट त्याचा हाय गो, माझा नाय."

दादूंनी यातले काहीच पाहिले नाही. ते जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांसाठी स्वयंपाक करणारे. भंडाऱ्याची इज्जत रिकाम्या ताटात. ताटात अन्न उरून परत आले की त्यांचा चेहरा उतरायचा. सगळी उमर त्यांनी दर्यावर रिकामी ताटे बघण्यात घालवली. ते कायमचे घरी आले आणि थोड्याच वर्षांत चिमाबाई गेल्या. घरात स्टीलचे चमचे आले. मी खिळ्यावर गेले, माझ्यावर धूळ बसली, आणि माझी आठवण कुणाला राहिली नाही.

आता नितेशही जहाजावर असतो. त्याची बायको योगिनी. तिला रत्नागिरीला एका ऑफिसात नोकरी लागली तेव्हा पंचाईत झाली ती दोन वर्षांच्या ईशाची. दादू छाती पुढे काढून म्हणाले, "अख्ख्या जहाजाला जेवू घातलाय मी. ह्या चिमणीचा काय घेऊन बसलीस?"

पण चिमणी भारी निघाली. ताट पुढे आले की मान फिरवायची. दादू घाबरे व्हायचे आणि जेवणाच्या थोडे आधी चहात बुडवलेली बिस्किटे द्यायचे, काहीतरी पोटात जाऊ दे म्हणून. मग जेवायला भूक कुठून येणार? मला वरून सगळे दिसत होते, पण करवंटीला तोंड नसते.

अंगणवाडीत वजन झाले, ते वाढले नव्हते. योगिनी चपला न काढताच दारात बसली. "बाबा, पुढच्या वेळीही असंच निघालं तर मी नोकरी सोडते. माझ्या पोरीपेक्षा नोकरी मोठी नाही."

सुनेने किती खटपटीने ती नोकरी मिळवली होती, हे दादूंना माहीत होते. त्या दिवसापासून ताट रिकामे करणे ही त्यांची लढाईच झाली. त्यांनी मोबाईल काढला. गाणारी मांजरे बघता बघता ईशाचे तोंड उघडे राहायचे आणि दादू घास आत सरकवायचे. पोरगी गिळायची, पण काय गिळते हे तिला कळत नव्हते. रिकामे ताट घासताना दादू शीळ घालायचे. माझा जीव मात्र खिळ्यावर वरखाली व्हायचा.

आणि मग तो दुपारचा घास आला.

दादूंनी आठळ्या उकडल्या होत्या. फणसाच्या आठळ्या पौष्टिक, नितेशच्याही आवडीच्या. पण त्याला त्या मिळायच्या माझ्याखाली चिरडून, भातात मिसळून. दादूंनी नुसत्या सोलून अर्ध्या केल्या. मोबाईल भिंतीला टेकवला. मांजर नाचले, ईशा खदखदून हसली आणि त्याच क्षणी दादूंनी आठळी तिच्या तोंडात घातली.

हसणे तुटले. मित्रांनो, खोकला आला असता तरी मला बरे वाटले असते. आवाजच नव्हता. ईशाचे तोंड उघडे, डोळे मोठे, हात हवेत. मोबाईलवरची मांजरे गातच होती. दादू पुढचा घास उचलत होते, त्यांचे लक्ष ताटाकडे होते. वर बघा हो दादू, पोरीकडे बघा! मी खिळ्यावर नुसती लटकत होते.

त्यांनी वर पाहिले तेव्हा तिचे ओठ निळसर पडायला लागले होते. "ईशा! बाय, काय झाला गो?" ते तिच्या तोंडात बोट घालायला धावले.

तेवढ्यात गंगूबाई मागच्या दारातून विळी परत द्यायला आली. ती किंचाळली, "बोट नको! आत जाईल ता! पालथी घाल तिला, पालथी!"

दादू झटकन खाली बसले. त्यांनी ईशाला मांडीवर पालथे घातले, डोके खाली, आणि तळहाताने पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, थाप मारली. काही नाही. आणखी एक. काही नाही. गंगूबाईच्या हातातली विळी कधी खाली पडली ते कुणालाच कळले नाही. दादूंनी पुन्हा जोराने थाप मारली आणि आठळीचा तुकडा जमिनीवर उडाला.

मग ईशा रडली. इतके गोड रडणे मी जन्मात ऐकले नव्हते.

डॉक्टरांनी तपासून ती ठीक आहे असे सांगितले. संध्याकाळी योगिनी आली तेव्हा दादू पायरीवरच उभे होते. त्यांनी काही लपवले नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "ताट रिकामा दिसावा म्हणून पोरीच्या जिवावर उठलो मी."

योगिनी ईशाला छातीशी धरून आत आली आणि भिंतीला टेकून राहिली. ती नोकरी सोडते असे म्हणणार, हे दादूंना दिसत होते, मलाही. पण तिने विचारले, "नितेशला आई कशा भरवायच्या?"

"माका काय माहीत? मी दर्यावर."

दारात उभ्या गंगूबाईने माझ्याकडे बोट केले. "त्या डवलीन. कुस्करून, थोडा थोडा. पोरान तोंड मिटला की बंद."

दादूंनी मला काढले. धूळ पुसताना त्यांचे डोळे भरून आले. "ह्या माका आधी कोणी सांगितला नाय," ते पुटपुटले. योगिनी म्हणाली, "महिनाभर बघू, बाबा."

चहा-बिस्किटे बंद झाली. मोबाईल जेवताना कपाटात. मऊ भात, वरण, पिकलेले केळे, घावणाचे छोटे तुकडे, काटे काढून बोटांनी दाबून पाहिलेला मासा. जे घट्ट असेल ते आधी माझ्याखालून जायचे. ईशा आपल्या हाताने खायला लागली. ताटात उरायचे. उरलेले बघून दादूंचा हात शिवशिवायचा, मग ते तो पाठीमागे घ्यायचे. पुढच्या वेळी वजन वाढलेले निघाले, फार नाही, पण वाढलेले. योगिनीची नोकरी राहिली.

मित्रांनो, मला रोज धुऊन, पुसून ठेवा असे मी सांगणार होते. ते राहू दे. तुमच्या घरात धाकटे भावंड असेल तर ते जेवताना त्याच्याकडे बघा, पडद्याकडे नाही.

परवाची गोष्ट. ईशाने मला दोन्ही हातांत धरले, भात कुस्करला आणि दादूंच्या तोंडाशी नेला. "आबा, आ!" दादूंनी एक घास खाल्ला. दुसऱ्याला ओठ मिटून मान हलवली. तिने त्यांच्याकडे क्षणभर पाहिले आणि मला खाली ठेवले. "पोट भल्ला," ती म्हणाली. चिमाबाईंनंतर इतक्या हलक्या हाताने मला कुणी खाली ठेवले नव्हते.