लाटण्याची कावीळ

सकाळपासून गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कावीळ उतरवणारे निवळबाबा आले होते. एकेक माणूस खुर्चीत बसे, बाबा त्याच्या तळहातांना तपकिरी तेल चोळत आणि कोपऱ्यावरचा शिंपी तांब्यातून स्वच्छ पाणी त्याच्या हातांवर ओती. खालच्या पांढऱ्या घमेल्यात पाणी पडे ते पिवळंजर्द. "निघाली कावीळ," बाबा म्हणत, आणि गर्दी हात जोडी. शिंप्याला वर्षापूर्वी कावीळ ब झाली होती आणि बाबांच्या तीन धुण्यांनी तो खडखडीत बरा झाला, असं तो स्वतःच सांगत होता. तेव्हापासून पाणी ओतायचा मान त्याचा.

रांगेत धाकटीही होती. घरातली धाकटी सून म्हणून हे नाव. बाहेर ती बेकरीत बिस्किटं लाटायची. रक्तदानाच्या वेळी तिच्या रक्तात 'कावीळ ब'चा विषाणू सापडला. 'पॉझिटिव्ह' शब्द वाचून तिला आधी वाटलं, काहीतरी चांगलंच असेल. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, डोळेही पांढरेशुभ्र. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तरी विषाणू तिथेच. म्हणजे तो आता मुक्कामाला आलाय, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पुढच्या तपासण्यांत विषाणूंची संख्या बरीच निघाली, यकृतालाही सूज होती, म्हणून रोजची एक गोळी सुरू झाली. नवऱ्याने स्वतःची तपासणी करून लस घेतली आणि विषय संपवला. जाऊबाईंनी मात्र तिचं ताट वेगळं केलं, आणि बेकरीच्या मालकाने घरी बसवलं. बाबा आले त्या दिवशी ती आपलं लाटणं परत आणायला बेकरीत गेली होती. तिथूनच सासूबाई तिला इकडे घेऊन आल्या, आणि लक्ष ठेवायला म्हणून नणंदही आली. नणंद शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.

धाकटीच्या हातांखालीही पाणी पिवळं झालं. सासूबाईंचे डोळे भरून आले.

"आता गोळ्या बंद," बाबांनी फर्मावलं. "गोळीने रोग आत दडून बसतो. आणखी दोन धुणी, की रक्त झऱ्यासारखं."

धाकटीने मान डोलावली. खरं तर तिला सुटल्यासारखं झालं होतं. गोळी नाही, वेगळं ताट नाही, पुन्हा बेकरी. उद्यापासून बंदच करायची, तिने ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात नणंद खुर्चीत जाऊन बसली. पाणी पिवळं.

"तुमच्यातही लपलेली आहे," बाबा हळहळले.

"माझी तपासणी गेल्या महिन्यातच झाली. विषाणू नाही, आणि लशीचं संरक्षण पुरेपूर आहे," नणंद म्हणाली. मग तिने वहिनीच्या पिशवीतून लाटणं काढलं, वाटीतलं तेल त्याला फासलं आणि शिंप्यापुढे धरलं. शिंप्याने सवयीने पाणी ओतलं. घमेल्यात पिवळी धार लागली. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

बाबा डगमगले नाहीत. लाटणं त्या बाईच्याच हातातलं, रोग लाकडात उतरलाय, असं त्यांनी शांतपणे समजावलं. गर्दीतल्या निम्म्या माना हलल्याही.

धाकटी मात्र बाबांच्या बोटांकडे बघत होती. सकाळपासून तेल चोळून ती तपकिरी झाली होती, आणि बाबा ती पाण्यापासून जपून लांब ठेवत होते. पीठ मळणाऱ्या बाईला हात कोरडा ठेवणारा माणूस लगेच कळतो. तिने शिंप्याच्या हातातला तांब्या घेतला आणि बाबांच्या हातांवर रिकामा केला.

बाबांच्या बोटांतून पिवळंधमक पाणी ठिबकू लागलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हीसुद्धा?"

मग जे हसू उसळलं, त्यात बाबांचं उत्तर वाहून गेलं. नणंदेने सगळ्यांना उलगडून सांगितलं. तेल कसलं, झाडाच्या सालीचा रस. तांब्यातलं पाणी म्हणजे चुन्याची निवळी, दिसायला साध्या पाण्यासारखी. दोन्ही एकत्र आली की रंग पिवळा. हात कुणाचे आहेत याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. बाबांनी पुढच्या गावची घाई काढली आणि घमेलं तिथेच टाकून निघाले.

शिंपी खट्टू झाला. "पण मी बरा झालो ते?"

दुसऱ्या दिवशी धाकटी त्याला आणि सासूबाईंना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. मोठ्या वयात लागण झाली तर बहुतेकांचं शरीर स्वतःच विषाणूला हुसकावतं, शिंप्याचंही तेच झालं होतं. धाकटीला बहुधा जन्माच्या वेळी किंवा लहानपणी लागण झाली असावी. तेव्हा आलेला विषाणू सहसा जात नाही. गोळी त्याला दाबून ठेवते, आणि मनानेच बंद केली तर तो उसळून यकृताला धोका होऊ शकतो. सासूबाईंनी ताटाचं विचारलं. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, तिच्या हातचं खाल्ल्याने हा रोग पसरत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पसरतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रश ज्याचा त्याचा वेगळा, घरातल्या सगळ्यांना तपासणी आणि लस, तिला दारू वर्ज्य, आणि ठरल्या वेळी रक्ताची आणि यकृताची तपासणी. बास.

बेकरीच्या मालकाला पटवायला डॉक्टरीणबाईंना स्वतः फोन करावा लागला. तो लगेच विरघळला असं नाही, पण गिऱ्हाईकं तिच्या बिस्किटांची विचारणा करू लागल्यावर त्याचं विज्ञान सुधारलं.

वर्षभराने धाकटीच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नव्हता. म्हणजे बरी झाले का, तिने विचारलं. नाही, आटोक्यात आहे, गोळी चालू ठेवायची, असं उत्तर आलं. हे उत्तर बाबांच्या वचनाइतकं गोड नव्हतं, पण खरं होतं, आणि त्यावर आयुष्य उभं करता येत होतं.

तेव्हा चमत्कार बघायला जरूर जा. फक्त जाताना एक प्रश्न सोबत न्या: हेच निरोगी माणसावर केलं तर काय होईल? आणि उत्तर मिळेपर्यंत आपली गोळी चुकवू नका.