खुशालरावांचा विल्सन

खुशालरावांना पंच्याहत्तरावं लागलं तेव्हा त्यांच्या संस्थेत तीन कॉलेजं होती, अकरा शाळा होत्या, एक बंद पडलेलं डी.एड. कॉलेज होतं, नव्हतं ते एक पुस्तक. वऱ्हाडात संस्थेच्या अध्यक्षाचा अमृतमहोत्सव पुस्तकाशिवाय होत नाही. हार, शाल, लाडूतुला आणि पुस्तक. लिहायचं संस्थेतल्याच एखाद्या मास्तरनं, नाव लागायचं अध्यक्षांचं, आणि मास्तरला काय मिळायचं ते तोंडी ठरायचं. कुणी याला चोरी म्हणत नाही. सेवा म्हणतात.

या खेपेला सेवा अनुप तायडेच्या वाट्याला आली.

अनुप अकोटजवळच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी लागली तर घरी. अकरा वर्षं असंच. डॉक्टरेट होती, नेट होती, वय एक्केचाळीस होतं आणि वर्गातली पोरं विचारायची, सर, पुढच्या वर्षी तुम्ही आहात ना? त्या जूनमध्ये इतिहासाची एक कायम जागा मंजूर झाली. जागा खुल्या प्रवर्गातली. तिच्यावर खुशालरावांचा भाचा पियुष डोळा लावून बसला होता. प्राचार्य किशोर सरांनी अनुपला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं की साहेबांना वुड्रो विल्सनवर पुस्तक हवंय. दिवाळीपर्यंत द्या, मुलाखतीचं मग पाहू. पाहू म्हणजे काय, ते अनुपनं विचारलं नाही. अकरा वर्षांत तेवढं कळतं.

विल्सन का, तर खुशालराव कधीकाळी राज्यशास्त्र शिकवायचे. प्रत्येक भाषणात सांगायचे, अमेरिकेचा अठ्ठाविसावा अध्यक्ष आधी प्राध्यापक होता, मग विद्यापीठाचा प्रमुख झाला, मग देशाचा. खुशालराव प्राध्यापक झाले, संस्थेचे प्रमुख झाले आणि विधान परिषदेला दोनदा पडले. साम्य तिथं थांबत होतं. पण टाळ्या वाजायच्या.

अनुपनं मन लावून लिहिलं. परक्याच्या नावानं लिहायचं असलं तरी त्याला वाईट लिहिता येत नव्हतं, हा त्याचा दोष. धर्मोपदेशकाच्या घरात जन्मलेलं पोर, दहा-अकरा वर्षांचं होईस्तोवर नीट वाचताही न येणारं. यादवी युद्धातले जखमी सैनिक बापाच्या चर्चमध्ये आणून टाकलेले पाहिलेलं. तोच पोरगा पुढं पुस्तकं लिहितो, प्रिन्स्टन विद्यापीठ चालवतो, गव्हर्नर होतो आणि १९१३ साली थेट व्हाइट हाउसमध्ये जातो. देशाला युद्धापासून दूर ठेवलं म्हणून दुसऱ्यांदा निवडून येतो आणि पाच महिन्यांत देशाला युद्धात घालतो. मग चौदा मुद्दे, राष्ट्रसंघ, शांततेचं नोबेल. एवढं सगळं गाइडात होतं. गाइडात नव्हतं ते अनुपला वाचता वाचता सापडलं.

न्याय आणि स्वातंत्र्य सांगत निवडून आलेल्या या माणसाच्या राज्यात वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांमधून काळ्या कारकुनांना वेगळं बसवलं गेलं. वर्षानुवर्षं गोऱ्यांच्या शेजारी काम करणारी माणसं. मध्ये पडदे, आडोसे. जेवायची टेबलं वेगळी, संडास वेगळे. नोकरीच्या अर्जाला फोटो लावायची सक्ती झाली, म्हणजे रंग आधीच कळावा. एका कारकुनाचं काम असं होतं की त्याला दुसऱ्या खोलीत हलवताच येईना. तर त्याच्याभोवती पिंजरा उभारला, असं तेव्हाच्या एका काळ्या विद्वानानं लिहून ठेवलंय. बोस्टनचा एक काळा संपादक शिष्टमंडळ घेऊन जाब विचारायला गेला, तर विल्सन त्याला म्हणाला, हा अपमान नाही, हे तुमच्या भल्याचं आहे. आणि वर म्हणाला, पुन्हा यायचं तर बोलायला दुसरा माणूस आणा, तुमचा सूर मला आवडला नाही.

अनुपनं यावर अख्खं प्रकरण लिहिलं. सहावं. आणि एका रविवारी ते बापाला वाचून दाखवलं.

बुधाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अकोल्यात एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि आवक-जावकचे कारकून होऊन निवृत्त झाले. घरात जयंतीच्या दिवशी कडक पांढरा सदरा, एरवी बनियन. पोराचं लिहिलेलं ऐकायची त्यांना आवड होती. ऐकताना मान हलवायचे. पिंजऱ्यापाशी मान हलायची थांबली.

"थांब," ते म्हणाले. "तो कारकून काय काम करे?"

अनुप म्हणाला, ते लिहिलेलं नाही.

मग बुधाजींनी जे सांगितलं ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, दुर्गाबाई ते न ऐकताच गेली. चौऱ्याहत्तर साली ते शिपायाचे कारकून झाले. त्यांना टेबल मिळालं. आठ दिवसांत बाकीच्या कारकुनांनी एक लोखंडी कपाट आणून त्यांच्या टेबलापुढं आडवं लावलं. फाइलींना जागा नाही म्हणाले. कपाटात फाइली कधी ठेवल्याच नाहीत, रिकामंच होतं. दारातून येणाऱ्याला बुधाजी दिसायचे नाहीत. कागद कपाटाच्या बाजूनं सरकवायचे, तसाच परत घ्यायचे. नऊ वर्षं. साहेब बदलले, कपाट हललं नाही. कुणी एक शिवी दिली नाही, कुणी जात काढली नाही. सणासुदीला लाडूसुद्धा यायचा, बाजूनं सरकून.

"मले वाटे असं फक्त माह्यासंगच झालं," बुधाजी म्हणाले. "अमेरिकेतबी कपाट होतं म्हणतो तू." मग म्हणाले, "हे पान राहू देजो बापू. बाकी काईबी काढ."

अनुप हो म्हणाला. बाप मागून मागून काय मागत होता, एक प्रकरण. तेही दुसऱ्याच्या नावावर छापलं जाणारं.

दिवाळी जवळ आली तसं किशोर सरांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा जाता जाता म्हणाले की तायडे, पुस्तक साहेबांच्या नावावर आहे, तुमच्या नाही, एवढं डोक्यात ठेवा. त्यांना काही माहीत नव्हतं, ते सगळ्यांनाच असं बोलायचे. पण ज्याच्या मनात चोर असतो त्याला झाडाचं पान हललं तरी पोलीस वाटतो. अनुप घरी आला, त्यानं सहावं प्रकरण पुन्हा वाचलं आणि त्याला प्रत्येक ओळीत आपलं आडनाव दिसायला लागलं. खुशालराव हे वाचतील आणि म्हणतील, अच्छा, तायडेनं आमच्या पैशात आपलं दुःख छापून घेतलं. पियुषला ऑर्डर जाईल. पुन्हा जून येईल, पुन्हा पोरं विचारतील.

त्यानं बायकोला, नीलमला, सांगितलं. नीलम आरोग्य उपकेंद्रात नर्स, बोलणं इंजेक्शनसारखं. ती म्हणाली, "पोस्ट पयले. पान मांगून. कायम झाले का सोताच्या नावानं दहा पुस्तकं लिहा, कोण अडवते?"

खोटं नव्हतं. म्हणूनच ते घातक होतं.

त्यानं सहावं प्रकरण काढलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. पुस्तक बारीक पडलं म्हणून त्यानं शेवटाकडचं आजारपणाचं प्रकरण फुगवलं. ते त्याला निरुपद्रवी वाटलं, उलट गोडच. १९१९ सालच्या ऑक्टोबरात विल्सनला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बायको एडिथ आणि डॉक्टर, दोघांनी जगाला कळू दिलं नाही. मंत्र्याला भेट नाही, उपाध्यक्षाला पत्ता नाही. कोणता कागद आत जाणार, कोणता नाही, ते बायको ठरवायची. जवळजवळ दीड वर्ष अमेरिकेचा कारभार एका बंद दारामागून चालला. अनुपनं लिहिलं ते पतिव्रतेच्या थाटात, खुशालरावांच्या पत्नी जमुनाबाईंना आवडेल असं. थरथरत्या हाताला तिनं कसा आधार दिला, पेन कसं धरवलं, यावर दीड पान. आणि पाठवून दिलं.

डिसेंबरात निरोप आला, अमरावतीला बंगल्यावर या. एकटेच या.

सकाळच्या एसटीनं तो गेला. बंगल्याच्या दिवाणखान्यात जमुनाबाई बसल्या होत्या, मांडीवर हस्तलिखित. सत्तरीची बाई, नऊवारीतली नाही, साध्या सुती पाचवारीतली, चष्मा कपाळावर. पाणी आलं, चहा आला. साहेब पुण्याहून परत आले का म्हणून अनुपनं विचारलं, कारण संस्थेत सगळ्यांना माहीत होतं की पोळ्यापासून साहेब पुण्याला पोराकडे गेलेत, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. जमुनाबाईंनी पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"तुमाले हे कोणं सांगतलं?"

"काय मॅडम?"

"मी पेन धरवतो ते."

अनुपला काही कळेना. तो म्हणाला, हा इतिहास आहे, एडिथ विल्सनचा, शंभर वर्षांपूर्वीचा. त्या ऐकून घेत होत्या आणि एक शब्दही त्यांना पटत नव्हता. शेवटी म्हणाल्या, "पाहा तायडे सर, भाव करायले आले असान तं सरळ करा. मले वाकडं बोलता येत नाई. डॉक्टर फुटला का ड्रायव्हर, तेवढं सांगा."

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. जे प्रकरण त्यानं निरुपद्रवी म्हणून फुगवलं होतं, ते या घरात धमकीचं पत्र म्हणून वाचलं गेलं होतं. त्यानं हात जोडले. खरं ते सांगितलं, की मॅडम, मला काहीच माहीत नव्हतं; एक दुसरं प्रकरण मी काढून टाकलं, म्हणून जागा भरायला हे लांबवलं.

"कोणतं काढलं?"

त्यानं सांगितलं. पडदे, पिंजरा, संपादक.

"काहून काढलं?"

"साहेबांना आवडणार नाही असं वाटलं."

जमुनाबाई पहिल्यांदा हसल्या. हसू वाईट नव्हतं, तेच वाईट होतं. "अमेरिकेतल्या काया लोकाईचं? त्यानं आमचं काय बिघडे, तायडे सर? राहू द्याचं होतं. साहेबायनं तं वाचलंबी नसतं."

अनुप पुढं सरसावला. तो म्हणाला, मग आता घालतो, तयारच आहे, आज संध्याकाळपर्यंत देतो.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं, धान्य विकत घेणारा पाहतो तसं.

"नोको," त्या म्हणाल्या. "तुमी एवढे भ्याले म्हंजे त्यात काईतरी असंल. दोन्हीबी नोको. मी तिथं फोटो टाकतो."

मग उठल्या आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. खुशालराव पलंगावर उशांना टेकून होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेलाच. दाढी मात्र ताजी होती. मार्चमध्ये कार्यकारिणीची निवडणूक, तोवर हे बाहेर गेलं तर संस्था आमची राहत नाही, असं जमुनाबाईंनी सांगितलं, तक्रार न करता, भाजीचा भाव सांगावा तसं. मग कपाटातून एक फाइल काढली. नेमणुकीचा आदेश टाइप करून तयार होता, नावाची जागा कोरी. त्यांनी स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलं, डॉ. अनुप बुधाजी तायडे.

"पियुष पोटात ठेवणारा नाई," त्या म्हणाल्या. "तुमी ठेवसान. तुमी तं न सांगताच ठेवता."

त्यांनी नवऱ्याच्या बोटांत पेन बसवलं, वरून आपली मूठ आवळली. त्यांच्या मांडीवर टेकवलेल्या पाटीवरून कागद घसरायला लागला.

"धरा जरा."

अनुपनं कागद धरला, दोन्ही हातांनी, कोपरे ताणून. सही झाली. खुशालरावांचे डोळे जागे होते आणि सही होईस्तोवर ते अनुपकडे पाहत होते. त्यात राग होता की आणखी काय, ते वाचायला अनुप थांबला नाही. अशा सहीची कायद्यात काय किंमत, हे इतिहासाच्या डॉक्टरला सांगायला नको. त्यानं आदेश घडी न घालता पिशवीत ठेवला, चुरगळू नये म्हणून.

मुलाखत झाली. तिघे बसले, दोन प्रश्न विचारले. पियुष महिनाभर किशोर सरांशी बोलला नाही. जानेवारीत अनुप कायम झाला. अमृतमहोत्सव पुढं ढकलला गेला, पुस्तक मात्र छापून संस्थेतल्या प्रत्येकाला वाटलं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर एका बाजूला विल्सन, दुसऱ्या बाजूला खुशालराव, दोघांचेही चष्मे चमकत होते.

बुधाजींनी ते दोन दिवस वाचलं. बोट ओळीखाली सरकवत, अंगणात खुर्ची टाकून. पाचव्या प्रकरणानंतर युरोपातलं युद्ध लागलं तेव्हा मागं गेले, पुन्हा पुढं आले. एक पान दुसऱ्याला चिकटलं असेल म्हणून नखानं सोडवून पाहिलं. शेवटी खुशालरावांचे आठ पानी फोटो आले. ते सगळे पाहिले. मग अनुपला हाक मारली.

अनुपनं सगळं सांगितलं. जमुनाबाईंनी नको म्हटलं, असं त्याला सांगता आलं असतं आणि ते अर्धं खरंही होतं. पण तो बापासमोर उभा होता. त्यानं सांगितलं की त्यांनी नको म्हणायच्या आधीच मी काढलं होतं. आदेशाचंही सांगितलं, कागद कुणी धरला तेही.

बुधाजी ओरडले नाहीत. पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

"मले तं त्यायनं कपाटामांगं बसवलं होतं बापू," ते म्हणाले. "तुले कोणं बसवलं?"



त्या आठवड्यात वस्तीतली माणसं अभिनंदनाला येत राहिली. बुधाजींनी कडक पांढरा सदरा घातला, स्वतः जाऊन अकोटहून पेढे आणले, प्रत्येकाच्या हातावर ठेवले. पोरगा पर्मनंट झाला, प्रोफेसर झाला, सांगत राहिले, आणि सांगताना आवाजात कुठं खोट नव्हती. लीलाबाई शेजारीण म्हणाली, बुढा दहा वर्षांनी लहान झाला. शेवटचा माणूस गेला, डबा रिकामा झाला, नीलमनं ताटं मांडली. अनुप भिंतीला टेकून बसला होता, बुधाजी त्याच्यापासून दोन हातांवर. आत भात करपत होता. बुधाजींनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि चुलीकडे तोंड करून म्हणाले,

"सूनबाई, त्याले म्हणा, जेवून घे."