उताराकडे नाक

मित्रांनो, मी राष्ट्रीय उद्यानातली एक जुनी, उघडी गाडी आहे. फाटकापासून पाणवठ्यापर्यंत पाहुण्यांना न्यायचं-आणायचं, हीच माझी सेवा. कारखान्यातून आले तेव्हा नव्या नवरीसारखी होते. पहिल्याच आठवड्यात काटेरी जाळीनं अंगावर लांब ओरखडा काढला, तेव्हा फार वाईट वाटलं. पुढे कळलं, जंगलात अंगावर रेघ नसलेली गाडी म्हणजे घरी बसलेली गाडी.

माझ्या पाठीवर बसून माणसांनी धुक्यातून वर येणारं तळं पाहिलं, पंख पसरून वाळवणारे पाणकावळे पाहिले, गवतात नुसते कान दिसणारी हरणं पाहिली. वाहवा हरणांची व्हायची, माझ्या वाट्याला चिखलाचे बूट. चालायचंच.

वय झालं तशी बॅटरी थकली. तेव्हापासून चालककाकांनी एक नेम धरला: थांबायचं ते उताराकडे नाक करूनच. ब्रेक सोडला की मी घरंगळायची, गिअर पडला की इंजिन जागं व्हायचं. हँडब्रेकची तारही सैल झाली होती. "सुट्ट्यांची गर्दी सरू दे, मग दाखवू," असं काका म्हणायचे. गर्दी काही सरेना.

एका सकाळी आजी, तिचा लेक आणि सहा वर्षांची नात असे तिघे माझ्यात बसले. पुढे काकांशेजारी गाईडताई होत्या. पाणवठ्यावर एक हत्तीण उभी होती. लेकानं कॅमेरा डोळ्याला लावला.

"आई, तुझं डोकं मध्ये येतंय."

"काढून ठेवू का रे?" आजी म्हणाली.

गाडीत उठून जागा बदलायला ताईंची सक्त मनाई. "मग काका, गाडीच फिरवा ना," लेक म्हणाला.

"अहो, आम्ही नाक उताराकडेच ठेवतो."

"दोन मिनिटांत काही नाक कापलं जात नाही."

काका मुळात भिडस्त. त्यांनी मला फिरवलं आणि इंजिन बंद केलं. आता माझं नाक चढाकडे, पाठ उताराकडे, आणि काकांचा पाय ब्रेकवर.

तेवढ्यात मागचं गवत हललं. हत्तिणीचं पिल्लू बाहेर आलं आणि थेट माझ्या मागच्या चाकाशी येऊन उभं राहिलं. हत्तीण वळली आणि रस्त्यावर माझ्या समोर आली. पुढे आई, मागे लेकरू, मध्ये आम्ही. तिचे कान सुपासारखे पसरले.

"कुणी हलू नका," ताई पुटपुटल्या.

काकांनी किल्ली फिरवली. खुट्. इंजिन काही उठलं नाही. हत्तीण मात्र दोन पावलं पुढे आली. काकांनी किल्लीवरून हात काढला. गिअर टाकावा तर खर्रकन आवाज होणार. घरंगळावं तर मागे पिल्लू. हँडब्रेक ओढला, तर तो मऊ दोरीसारखा वर आला. सगळा भार त्या एका पायावर.

पाय थरथरू लागला. मी बोटभर मागे सरकले. मित्रांनो, ते एक बोट मला आजही आठवतं. पिल्लाचा गरम श्वास माझ्या पत्र्यावर येत होता. आजीनं नातीचं तोंड पदरात घेतलं होतं, ओठांत देवाचं नाव चाललं होतं. ताईंनी दोन्ही हातांनी काकांचा गुडघा दाबून धरला. मी थांबले.

पिल्लानं माझ्या पत्र्याला निवांत पाठ घासली. मग हत्तिणीच्या पोटातून एक खोल घुमारा आला आणि ते मला वळसा घालून आईपाशी गेलं. दोघं गवताआड झाली, तेव्हाच काकांनी मला मागे सोडलं आणि उलटा गिअर टाकला. इंजिन जागं झालं.

फाटकाशी लेक मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी झाली."

"स्टिअरिंग माझ्या हातात होतं," काका म्हणाले, आणि थेट कचेरीत गेले. "साहेब, ही गाडी उद्या निघणार नाही."

"सगळ्या जागा भरल्यात हो."

"मग रिकाम्या करा. नाहीतर मला काढा."

चार दिवस मी शेडमध्ये उभी होते. नवी तार आली, नवी बॅटरी आली. बाहेर पाहुणे कुरकुरत होते. इतकी वर्षं मला धुतलं, पुसलं, रंगवलं. पण माझी खरी काळजी घेतली गेली ती त्या चार दिवसांत. देव तारतो हे खरंच, पण ब्रेकची तार आवळायला तो येत नाही. ते काम त्यानं माणसाकडे दिलंय.

म्हणून मित्रांनो, कुणी चालक "आज गाडी निघणार नाही" म्हणाला, तर तोंड वाकडं करू नका. त्या उभ्या गाडीच्या मागे त्याला एक पिल्लू दिसत असतं.