लायब्ररीची पहिली ओळ

बुधवारी सकाळी पावणेअकराला चंद्रिकाचं एक्स्टेंशन नापास झालं.

टॉवेलच्या ऑनलाइन ऑर्डरी मराठीत आणि कन्नडमध्ये वाचून दाखवणारं, ब्राउझरला जोडायचं हे एक्स्टेंशन एका ब्राउझरने निमूट घेतलं होतं. दुसऱ्या ब्राउझरचे तपासनीस चिकित्सक निघाले. त्यांनी कळवलं, की उच्चारांसाठी परक्याची फुकट लायब्ररी, म्हणजे त्याने लिहिलेला तयार कोड, वापरलीत, हरकत नाही. पण तुमची फाइल लेखकाच्या मूळ फाइलशी जुळत नाही. मूळ आहे तशी लावा.

फरक एकाच ओळीचा होता. मालक सोमशेखरअण्णांच्या ऑफिसात चलन असो की कोटेशन, माथ्यावर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' असायचंच. कोडलाही सूट नाही, असा हुकूम सुटल्यावर चंद्रिकानेच सगळ्या फाइलींवर ती ओळ एका दमात चढवली होती. त्यातली आपली कोणती आणि परक्याची कोणती, हे बघायचं राहून गेलं.

शनिवारी टॉवेलवाल्यांचं प्रदर्शन होतं. तिथे एक्स्टेंशन दोन्ही ब्राउझरवर चाललं तरच तिची नोकरी कायम होणार होती. ओळ काढायचं काम चहा निवण्याआधी होण्यासारखं होतं. तिने अण्णांना तसं सांगितलं.

अण्णांनी चष्मा काढला. "चढवलेलं देवाचं नाव पुसायचं? तुझ्या हातानं पुसशील काय?"

"परक्याच्या फाइलीवरचं तेवढं, अण्णा. आपल्या फाइलींवर राहतंय की."

"म्हणजे परक्यावर देव प्रसन्न नको म्हणतीस."

गुपचूप पुसायचीही सोय नव्हती. रोज उदबत्ती लावून झाली, की अण्णा एकेक फाइल उघडायला लावत आणि पहिली ओळ वाचत. त्याखालचं त्यांना कळत नसे.

जेवून आल्यावर अण्णांनी तोडगा काढला. आपली फाइल मूळ फाइलशी जुळत नसेल, तर मूळ फाइलनेच जुळवून घ्यावं. लेखकालाच ही ओळ घालायला सांग, त्याचंही भलं होईल.

लेखक फिनलंडचा होता. चंद्रिकाने ओशाळतच विनंती पाठवली. गुरुवारी त्याने विचारलं, की ओळीने बिघडत काही नाही, पण तिचा उपयोग काय?

"लिही," अण्णा म्हणाले, "आमचं आजवर कुठं अडलं न्हाई."

तिने तसंच लिहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी लेखकाच्या पानावर चर्चा रंगली होती. लायब्ररी वापरणाऱ्या एका ब्राझीलवाल्याने ओळीला पाठिंबा दिला होता, एका जर्मनाने चाचण्यांचे निकाल मागितले होते. लेखकाचा निर्णय आलेला नाही. उद्याच्या प्रदर्शनासाठी चंद्रिकाचं टेबल मांडून झालं आहे.