कुरंटच्या पायाला काती

पाच खंड, अडीच हजार पानं, आणि त्यात कुरंटच्या वाट्याला आलेल्या ओळी एकशे बारा. अतुलने त्या मोजल्या होत्या. एकदा नव्हे, तीनदा. कारण पहिल्या दोन खेपांना त्याला वाटलं, आपलंच कुठेतरी पान सुटलं असणार. एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्याच ओळी?

'पाषाणपर्व' ही कादंबरी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या वाचनालयात आली त्याला आता नऊ वर्षं झाली. सात डोंगरी राज्यं, दगडाचे राक्षस, एकोणीस लढाया आणि या सगळ्यांना पुरून उरणारा राजपुत्र वज्रकेतू. जो वाचेल तो वज्रकेतूवर लट्टू. कुरंट हा त्याचा ढालकरी, कातडी कमावणाऱ्याचा पोरगा. लढाईत राजपुत्राच्या डाव्या अंगाला धावायचं आणि येईल तो घाव ढालीवर घ्यायचा, एवढंच त्याचं काम. एकोणीस लढायांत राजपुत्राला ओरखडा उठला नाही आणि कुरंटनेही कुणाला मारलं नाही. मारणार कशाने? लेखकाने त्याच्या हाती तलवारच दिली नव्हती. शेवटी वज्रकेतूचा पुतळा उभा राहतो आणि कुरंट गर्दीत कुठेतरी टाळ्या वाजवत असतो.

अतुल पहिल्यांदा ते खंड वाचत होता तेव्हा त्याचे वडील देवाजी बाजूला विडी ओढत बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "राजे लय आहेत बापू याच्यात. आपला मानूस कोन आहे?" दुसऱ्या दिवशी अतुल पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसला, आणि चाळिसाव्या पानावर ढाल पुसत बसलेला कुरंट त्याला सापडला. पुढल्या वर्षी देवाजी वारले. तेव्हापासून अतुलचं जे चाललं होतं त्याला आवड म्हणणं म्हणजे पुराला पाझर म्हणणं. तहसील कचेरीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान. सातबाऱ्याची नक्कल काढायला आलेला माणूस कुरंटचं चरित्र ऐकूनच बाहेर पडायचा. लोक कंटाळायचे, पण झेरॉक्स चांगली निघायची म्हणून ऐकून घ्यायचे.

तालुक्यात पाचही खंड वाचलेला दुसरा माणूस एकच, लोकेश. मोटारपंप दुरुस्त करणारा, अतुलचा पहिलीपासूनचा दोस्त. खंड वाचनालयात एकेकच, म्हणून दोघांनी ते आळीपाळीने वाचले होते. पण लोकेशचा देव वज्रकेतू. त्यावरून दोघांची रोज जुंपायची आणि रोज चहावर मिटायची.

गेल्या श्रावणात ती मिटली नाही. दुकानात आठ-दहा गिऱ्हाइकं उभी असताना लोकेश म्हणाला, "एकोनीस लढाया अन् एक मुडदा नाही. हिरो कायचा बे तो? छत्री आहे छत्री! पानी आलं का उघडाची."

गिऱ्हाइकं खदाखदा हसली. अतुलच्या हाताला स्टेपलर लागला आणि तो थेट लोकेशच्या तोंडावर बसला. वरचा दात अर्धा तुटला, रक्त कुणाच्या तरी उत्पन्नाच्या दाखल्यावर सांडलं. लोकेशनेही मग कसर ठेवली नाही. त्याने अतुलची मान धरून डोकं काउंटरच्या काचेवर आपटलं, काच गेली, कपाळाला चार टाके पडले. लोकांनी दोघांना ओढून बाजूला केलं, आणि तीस वर्षांच्या दोस्तीचे बारा वाजले.

दात तुटला, काच फुटली, ते अतुल विसरला. 'एक मुडदा नाही' हे मात्र त्याच्या डोक्यात घुसून बसलं. माणूस वेडा होतो तो असा. ज्या गोष्टीसाठी कुरंट त्याला आवडायचा, तीच आता त्याला उणीव वाटू लागली.

दिवाळी झाली, धान कापून झाले, आणि चिचगडच्या पलीकडे जंगलात दर रविवारी झुंजींचा कोंबडबाजार भरू लागला. कायद्याने बंदी, म्हणून जागा दर वेळी वेगळी. लोकेशने दोन वर्षांपासून एक झुंजीचा कोंबडा पाळला होता. लाल, उंच, चार झुंजी मारलेला. नाव अर्थातच वज्रकेतू. अतुलने चिचगडहून एक काळा, आखूड मानेचा कोंबडा आणला, त्याला भिजवलेले चणे चारले, तलावात पोहवून दम वाढवला, आणि नाव ठेवलं कुरंट.

त्याची बायको रचना दोन महिने हे बघत होती. एक दिवस कोंबड्यापुढे पाणी ठेवता ठेवता तिने विचारलं, "कुरंट तं कोनाले मारत नाही म्हनता ना तुम्ही? मंग याच्या पायाले काती कायले बांधता?"

"तुले काय समजते त्यातलं?" अतुल तिच्यावर खेकसला. तिला सगळं समजत होतं, म्हणूनच त्याला राग आला.

काती म्हणजे चार बोटं लांबीचं पातं. झुंजीआधी कोंबड्याच्या पायाला बांधतात. बाजारात ती बांधायचं काम टिकाराम नावाच्या म्हाताऱ्याचं. अतुलने त्याच्याच हाती लोकेशला निरोप धाडला. पैशाची शर्त नाही. कुरंट जिंकला तर लोकेशने भर बाजारात ओरडून सांगायचं, 'पाषाणपर्वाचा खरा हिरो कुरंट.' वज्रकेतू जिंकला तर अतुलने म्हणायचं, 'कुरंट नोकर होता,' आणि पुन्हा जन्मात त्याचं नाव काढायचं नाही. लोकेशने 'हाव' म्हणून होकार कळवला.

अतुलला ते एक वाक्य हवं होतं, बस. दुसऱ्या कुणी म्हणून उपयोग नव्हता. ज्याने अडीच हजार पानं वाचलीत त्यानेच म्हणायला हवं होतं, आणि असा माणूस अख्ख्या तालुक्यात तुटक्या दाताचा तो एकच होता.

रविवारी दुपारी मोहाच्या झाडांमध्ये दीड-दोनशे माणसांचं कडं उभं राहिलं. अतुलने कुरंटला काखेत धरलं आणि टिकारामने त्याच्या उजव्या पायाला दोऱ्याचे वेढे देत काती आवळली.

"आयक," टिकाराम म्हणाला, "झुंज खतम झाली का पयले मी धरन त्याले. काती मी सोडन. मंगच तू हात लावजो. पायाले काती आहे तवरीक तो कोनाचाच नाही."

अतुलने मान हलवली. त्याचं लक्ष समोर उभ्या लोकेशकडे होतं. लोकेश वज्रकेतूच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि इकडे बघत नव्हता.

कोंबडे सुटले. पहिल्याच झेपेत वज्रकेतू हातभर उंच उडाला आणि कुरंटच्या छातीवरून पातं ओढून गेला. काळी पिसं उडाली, लोक ओरडले. दुसऱ्या झेपेत कुरंटचा एक डोळा गेला. तो अर्धा वळून उभा राहिला, चोचीतून रक्ताची लाळ गळत होती. "पयाला, पयाला!" असा गलका झाला, पण तो पळाला नाही. वज्रकेतू येई, मारी, मागे जाई. हा नुसता उभा राहून घाव घेत होता. क्षणभर अतुलला वाटलं, आत उडी घ्यावी, उचलावं आणि घरी जावं. काय म्हणायचं ते म्हणून टाकावं. त्याने नाही घेतली उडी. उलट तो घसा फाडून ओरडला, "मार! मार ना बे कुरंट!"

तिसऱ्या झेपेला वज्रकेतू वरून आला आणि कुरंटने खालून पाय झाडला. पातं लाल कोंबड्याच्या मानेत दोऱ्यापर्यंत गेलं. रक्ताची पिचकारी धुळीवर उडाली. वज्रकेतू दोनदा फडफडला, मान जमिनीला घासत गोल फिरला आणि पडला. कुरंट त्याच्यावर चढून मारतच राहिला, मेलेल्याला मारत राहिला.

मग काय झालं ते अतुलला नंतर तुकड्या-तुकड्यांनी आठवायचं. तो कडं तोडून आत धावला. टिकाराम "थांब रे, थांब!" ओरडत होता. अतुलने कुरंटला दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि त्याच्या रक्ताळल्या मानेवर ओठ टेकले. कोंबड्याने पाय झाडला. डाव्या कोपराच्या आतल्या अंगाला काहीतरी थंड लागलं, आणि खाली बघतो तर शर्ट लाल, पँट लाल. रक्त ठोक्याठोक्याने उसळत होतं. कोंबडा हातातून सुटला आणि अतुल पाठीवर आडवा झाला.

लोक धावले, आणि जागीच थांबले. कुरंट अतुलच्या पोटावर उभा होता. एक डोळा फुटलेला, मानेची पिसं ताठ, पायाला पातं. जो पुढे येईल त्याच्यावर झेप. एकाचा पंजा फाटला, दुसऱ्याच्या पिंढरीत पातं घुसलं. कोंबड्याला धनी-बिनी काही कळत नाही, झुंजीचं रक्त डोक्यात चढलं होतं, असं टिकाराम नंतर म्हणाला. असेलही. पण खाली पडलेल्या अतुलला तसं वाटलं नाही. आपल्यापुढे कुणीतरी उभं आहे आणि कुणाला येऊ देत नाही, एवढंच त्याला दिसत होतं, आणि त्या मरणाच्या घडीलाही त्याला अभिमान वाटला.

तेवढ्यात गर्दीतून लोकेश आला.

"मारू नको त्याले," अतुल पुटपुटला. "लोक्या, मारू नको बे."

लोकेशने ऐकलं नाही. त्याने डावा हात कोपरात दुमडून तोंडासमोर धरला आणि सरळ पुढे चालत आला. कुरंट उडाला. पातं मनगटापासून कोपरापर्यंत मांस उसवत गेलं. लोकेशने उजव्या हाताने कोंबड्याची मान पकडली आणि एकदा, दोनदा पिरगाळली. मोडल्याचा आवाज अतुलला स्पष्ट ऐकू आला. कोंबडा धुळीत फेकून लोकेश अतुलच्या अंगावर बसला, गळ्यातला दुपट्टा त्याच्या दंडाला आवळला आणि अंगठा जखमेत खुपसला.

"काऊन मारलास?" अतुल रडत होता.

"चूप बस, गधा कुठला!"

गुलाबचंद नावाच्या कुण्या झुंजवाल्याने मोटारसायकल काढली. मध्ये अतुल, मागे त्याला कवटाळून लोकेश, अंगठा जखमेतच. जंगलातल्या खडबडीत वाटेने देवरीच्या दवाखान्यापर्यंत तासाभराचा रस्ता. दोघांचं रक्त मिसळून सायलेन्सरवर पडत होतं आणि करपल्याचा वास येत होता. अतुलचे डोळे मिटू लागले की लोकेश त्याच्या कानाशी ओरडायचा, "झोपू नको! सांग, सोळाव्या लढाईत काय झालं होतं? कुरंटनं ढाल कोन्या हातात धरली होती?" आणि अतुल सांगायचा. नऊ वर्षांत हे कुणी आपणहून विचारलं नव्हतं.

देवरीहून त्याला गोंदियाला हलवलं. जीव वाचला. डाव्या हाताची तीन बोटं मात्र हलेनात. हलतील असं डॉक्टरही छातीठोक सांगेनात. मधल्या पाच दिवसांत कुणीतरी काढलेला व्हिडिओ जिल्हाभर फिरला. सगळ्यांच्या तोंडी कुरंटचं नाव झालं. मालकाला कापणारा कोंबडा. पुस्तकाचं कुणीच विचारलं नाही.

सहाव्या दिवशी लोकेश आला. डावा हात पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला, अठ्ठावीस टाके. तो खाटेशेजारच्या स्टुलावर बसला.

"तुहा वज्रकेतू," अतुलने विचारलं, "नेला का कोनी?"

"दोन्ही पुरले मी. खाऊ नाही देल्ले कोनाले." लोकेशने नाक पुसलं. दोन वर्षं उशाशी घेऊन वाढवलेला कोंबडा होता तो. अतुलला हे आजवर सुचलंही नव्हतं. मग लोकेश उठला. "शर्त हरलो ना मी. बोलाचं राहून गेलं."

आणि वॉर्डाच्या मध्यावर उभा राहून, तीस खाटांना ऐकू जाईल असा, तो ओरडला, "पाषाणपर्वाचा खरा हिरो कुरंट!"

नर्स धावत आली, रागावली. लोकेशच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तो खोटं बोलत नव्हता, थट्टाही करत नव्हता. अगदी मनापासून म्हणत होता. हे वाक्य अतुलने हजारदा मनात ऐकलं होतं. आता ते खरोखर कानावर पडलं तेव्हा त्याला दिसत होता तो टिकारामचा दोरा, आणि काती बांधताना कोंबडा हलू नये म्हणून त्याला गच्च धरून ठेवणारे आपलेच दोन हात. एकशे बारा ओळींत ज्याने कुणाचं रक्त सांडलं नाही, त्याला आपण खुनी केलं, आणि वर 'मार' म्हणून ओरडलो. बापाने विचारलं होतं, आपला माणूस कोण. आपण शोधला, नऊ वर्षं पुजला आणि शेवटी त्याला दुसऱ्यासारखा करायला निघालो. शरमेने त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा कोपरावर उठून बसला होता. त्याने कुतूहलाने विचारलं, "कोन गा हा कुरंट?"

लोकेशने सवयीने स्टूल पुढे ओढलं आणि बूड टेकवलं. आता अतुल पहिल्या खंडापासून सुरू करणार, अर्धा तास तरी थांबणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो वाट बघत राहिला.

"कोंबडा होता," अतुल म्हणाला. "माहा."