बर्फ वितळायच्या आत

पैज माझ्या मुलानेच लावली. जानेवारीतला रविवार होता, जर्मनीत एर्लांगेनजवळच्या त्याच्या घरात आम्ही पोहे खात होतो.

"तीन गावं, तीन जुनी चर्च. नऊ किलोमीटर. चालून दाखव, मग भोरला खुशाल एकटी राहा," हृषिकेश म्हणाला.

माझा गुडघा बदलल्यापासून त्याने धसकाच घेतला होता. पुण्यातल्या एका ज्येष्ठ निवासात त्याने माझ्यासाठी खोली पाहून ठेवली होती. हो की नाही, ते सोमवारी कळवायचं होतं. मी चौऱ्याहत्तर वर्षांची. पण भोरचं दोन खोल्यांचं घर, दारातला कढीपत्ता आणि अजूनही पोराला ताप आला की आधी माझं दार वाजवणाऱ्या बाया, हे सोडून मला कुठेच जायचं नव्हतं.

"आई, तुम्ही ह्याच्या नादी लागू नका," सून वल्लरी म्हणाली. "बाहेर उणे चार आहे."

"थंडीच आहे ना? भोरच्या मे महिन्यात चाललेय मी," म्हणत मी बूट चढवले.

वल्लरी गाडी घेऊन दुसऱ्या गावात थांबणार असं ठरलं. दहा वर्षांची नात इरा आमच्याबरोबर निघाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते.

पहिलं चर्च गढीसारखं निघालं. भोवती दोन पुरुष उंच दगडी भिंत, कोपऱ्यांवर बुरूज. लढायांच्या काळात अख्खं गाव गुराढोरांसकट आत येऊन बसायचं, असं हृषिकेशने सांगितलं. मी दगडांवरून हात फिरवला. पाचशे वर्षांत एक सांधा सुटला नव्हता.

पुढची वाट मासे काढून रिकाम्या केलेल्या तळ्यांच्या बांधावरून होती. तळ्यांच्या गाळावर बर्फाची साय धरली होती. लांब, उघड्या झाडांच्या मागे दुसऱ्या चर्चचा मनोरा दिसला आणि माझी जुनी चाल आपोआप पायांत आली.

तेहेतीस वर्षं मी भोरच्या डोंगरातल्या वाड्यांवर लशी नेल्या. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात लशी, थर्मास खांद्याला. बर्फ वितळला की लस वाया. म्हणून धावायचं नाही आणि थांबायचंही नाही. आधी देवळाचा कळस दिसायचा, त्यावरून अंतर कळायचं. पोचले की देवळाच्या पायरीवर बसायची. नर्सबाई आल्या, ही बातमी मग घरोघरी आपली आपण जायची. जन्मभर बर्फ वितळायच्या आत पोचायची घाई केली, आणि इथे रानभर बर्फ पसरलेला, वितळायचं नाव नाही. मला एकटीलाच हसू आलं.

दुसऱ्या चर्चच्या अंगणात दफनभूमी होती. झाडून स्वच्छ केलेल्या थडग्यांवर लाल काचेचे दिवे जळत होते. फाटकाशी वल्लरीची गाडी उभी होती. हृषिकेश आमच्या मागून लंगडत आला. नव्या बुटांनी टाचेला फोड आणला होता.

"पुरे आता. मानलं तुला. बस गाडीत."

"मानलंस, म्हणजे उद्या काय कळवणार?"

तो वाकून बुटाची नाडी सैल करू लागला.

"मग तिसरंही बघून येऊ."

"अगं, ते टेकडीवर आहे. चढ निसरडा आहे."

"चढ आहे म्हणून लशी परत आणल्याचं आठवतंय तुला? तू बस गाडीत, तुला सूट."

"वाइटर, आजी!" इरा ओरडली. पुढे चल, एवढं मला आता कळतं. वल्लरी गाडीतच तोंड दाबून हसली. हृषिकेश मुकाट्याने आमच्या मागून निघाला.

अर्ध्या चढावर गुडघ्यात कळ आली. हृषिकेशने हात पुढे केला. मी तो घेतला नाही. इराने कुंपणातली एक वाळकी काठी उपसून दिली, ती घेतली. शंभर पावलं मोजायची, मग पुन्हा शंभर. तिसरं चर्च एवढंसं होतं, पांढरं, लाकडी मनोऱ्याचं. मी त्याच्या पायरीवर बसले, सवयीने.

माझ्याच वयाची एक बाई तिथे बर्फ झाडत होती. तिने काहीतरी विचारलं. उत्तर हृषिकेशने दिलं आणि तो बोलतच राहिला. सगळं जर्मन. आणि मधेच माझ्या कानांवर आलं, पांगारी. मग उंबर्डेवाडी. मग जांभळीचा माळ. माझ्या वाड्या, मी ज्या क्रमाने चालायची त्याच क्रमाने, एकही न चुकवता. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून माझी वाट पाहणाऱ्या पोराने त्या कधी पाठ केल्या, मला ठाऊक नव्हतं.

बाईने झाडू भिंतीला टेकवला, हातमोजा काढला आणि माझा हात हातात घेतला.

"काय सांगितलंस रे तिला?"

"माझी आई कोण आहे, ते." त्याने नाक पुसलं, फोन काढला आणि माझ्यासमोरच निरोप लिहिला, खोली नको म्हणून. "सोमवारची वाट कशाला बघायची?"

खालून वल्लरीने हॉर्न वाजवला. वाकून पाहिलं, तर तिच्या गाडीपासून थेट चर्चपर्यंत रस्ता येत होता, हे मला तेव्हा कळलं.

"तिला वर बोलाव," मी म्हटलं. "पैज तीन चर्चची होती, परतीची नव्हती."

"गेनाऊ," अगदी बरोबर, इरा म्हणाली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली.