पेल्यूच्या घाटात झाडूगाडी

"लाल बाणानं गेला तो," रोलाँ घडीच्या खुर्चीवरून न उठताच म्हणाला. "मी ओरडलो, अरे जिल्बेर, पिवळा इकडे! तर म्हणतो कसा, वयोमानानं मला आता रंग ओळखू येत नाहीत."

"काल मी केसांना लावलेला रंग बरोबर ओळखला की! म्हणाला, गंजलेल्या सायलेन्सरसारखा दिसतोय," मी व्हॅनच्या खिडकीतून म्हटलं.

रोलाँ हसला, मग माझं तोंड बघून त्यानं हसू आवरलं. तो आमच्या सायकल क्लबचा अध्यक्ष. दरवर्षी जूनमधल्या एका रविवारी क्लबची सायकलफेरी निघते, तेव्हा तो या तिठ्यावर बसून कोण कुठे वळलं ते बघतो. पिवळा बाण नदीकाठच्या सपाट रस्त्याचा, म्हातारे, पोरंटोरं आणि नवशिक्यांसाठी. लाल बाण पेल्यूच्या घाटाचा.

"तू अडवायचं होतंस," मी म्हटलं.

"जिल्बेरला? बाई, लग्न तू केलंयस त्याच्याशी. मी फक्त अध्यक्ष आहे."

मी गिअर टाकला आणि व्हॅन लाल बाणाकडे वळवली.

या व्हॅनला आमच्याकडे झाडूगाडी म्हणतात. सगळ्यात शेवटच्या सायकलवाल्याच्या मागून ती चालते आणि रस्त्यात जे जे थकलं-भागलं असेल ते झाडून गोळा करत येते. गाडी आमचीच, गॅरेजची. ती चालवायचं काम माझ्याकडे आलं, कारण क्लबातल्या बाकी सगळ्यांना सायकल चालवायची असते आणि मला सायकलचा मनापासून कंटाळा आहे. त्या दिवशी एकच बाई गोळा झाली होती. क्लेरमाँ शहरातल्या विमा कचेरीतली कोरीन, चाळिशीची, उजवा गुडघा सुजलेला. माझ्या शेजारी बसून ती मी दिलेलं सॉसेज चघळत होती.

"तुमचे मिस्टर चांगले चालवत असतील ना?" तिनं विचारलं.

"चालवायचे. मार्चमध्ये हृदयाला जाळी बसवलीय. डॉक्टर म्हणाले, सायकल खुशाल चालवा, पण घाट विसरा. यानं पहिलं वाक्य ऐकलं आणि टोपी घालून बाहेर पडला."

आदल्या रात्री त्यानं मला वचन दिलं होतं. पिवळ्या बाणानं जाईन, म्हणाला. इतक्या पटकन दिलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. जिल्बेर सरळसरळ हो म्हणाला की समजावं, गडबड आहे.

लाकडाच्या वखारीपुढे चढ सुरू होतो, तिथे तो दिसला. निळा सदरा, पाठीवर क्लबचं नाव, आणि चाल अशी की कुंपणाकडची एक गाय मान वळवून वळवून त्याच्याकडे बघत होती. त्याच्या पुढे कोणी नव्हतं. सगळे केव्हाच वर गेले होते.

मला राग आला होता आणि भीती वाटत होती. दोन्ही एकत्र आलं की माझं डोकं चालत नाही. मी गाडी त्याच्या बरोबरीला नेली आणि काच खाली केली.

"चढ आत. मुकाट्यानं."

त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. "झाडूगाडीनं मागे राहायचं असतं."

"जिल्बेर, मी डॉक्टरांना फोन करीन."

"कर. त्यांना म्हणावं, या, हवा छान आहे."

"वचन दिलं होतंस!"

"दिलं होतं ना. मग?" त्याला मध्येच श्वास घ्यावा लागला. "आर्लेत, एकदाच. वरती पोचलो की कळेल मला, अजून काय उरलंय ते. नाही पोचलो तर तेही कळेल. घरी बसून नुसतं डॉक्टरांच्या तोंडून काय ऐकायचं?"

आणि तो पेडलवर उभा राहिला. मला दाखवायला म्हणून पुढे वीसेक मीटर सुसाट सुटला.

चूक माझी होती. आमच्या क्लबात एक रिवाज आहे. झाडूगाडीनं कोणाला बोलवायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही, बरोबरीला तर जायचंच नाही. ज्याला थांबायचं आहे तो आपणहून हात वर करील. हा रिवाज घालून दिला तो जिल्बेरनंच. तो म्हणायचा, माणसाला 'ये, बस' म्हटलं की तो लाजेखातर आणखी दोन किलोमीटर मरतो. मी नेमकं तेच म्हणून बसले होते. आता तो जीव गेला असता तरी हात वर करणार नव्हता.

मी मागे राहिले. पहिल्या गिअरमध्ये गाडी कुथत होती.

वळणामागून वळण गेलं. चेस्टनटची झाडं संपली, उघडी कुरणं लागली, वारा लागला. जिल्बेर आता रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जायला लागला. चढ फार झाला की सायकलवाले असं करतात, पण जिल्बेरला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. उलट करणाऱ्यांना तो हसायचा. म्हणायचा, बघा, रस्ता झाडतायत.

"थांबवा ना त्यांना," कोरीन म्हणाली. तिनं सॉसेज खाली ठेवलं होतं. "हॉर्न वाजवा."

"वाजवला तर अजून जोरात जाईल."

"मग पुढे जाऊन गाडी आडवी घाला."

"तर बाजूनं काढील आणि वर्षभर माझ्याशी बोलणार नाही. ते एक वेळ परवडेल मला, पण बाजूनं काढील त्याचं काय?"

त्याची मान खाली गेली होती आणि ती वर येईना. घाटमाथ्यावरचा लोखंडी क्रूस दिसायला लागला, दोनच वळणं उरली, पण तीच दोन सगळ्यात वाईट. सायकल एकदा डावीकडे इतकी कलली की कोरीननं माझा दंड धरला. मग सावरली. त्याची कानशिलं मागून दिसत होती. कणकेसारखी पांढरी.

काय करावं हे मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. हातानंच केलं. किल्ली बंद केली, हॅन्डब्रेक ओढला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

एकदम सगळं शांत झालं. गायींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या. जिल्बेर थोडा पुढे गेला, मग त्यालाही ती शांतता ऐकू आली असावी. त्यानं एक पाय जमिनीवर टेकला आणि मागे वळून पाहिलं.

"काय झालं?"

"बंद पडली!"

"अशी कशी बंद पडली?"

"मला काय विचारतोस? मेकॅनिक तू की मी?"

तो वर क्रूसाकडे बघत राहिला. मग खाली आमच्याकडे. मग पुन्हा वर. मला वाटलं, जातो आता. पण हेही माहीत होतं की रस्त्यात बंद पडलेली गाडी सोडून हा माणूस आयुष्यात कधी पुढे गेलेला नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला तो चर्चमधून वरात बाहेर पडल्यावर पोचला होता, कोपरापर्यंत ग्रीस माखून, कारण वाटेत कुठल्याशा अनोळखी माणसाचा ट्रॅक्टर अडला होता. चाळीस वर्षं आमच्या लास्कोम्ब गावातलं गॅरेज चालवलं त्यानं. बिलं वसूल करणं त्याला जमलं नाही, आणि गाडी सोडून जाणंही जमलं नाही.

त्यानं सायकल वळवली. इतक्या कष्टानं चढलेला तेवढा रस्ता तो उतरून आला. सायकल गवतात आडवी केली, बॉनेट उघडलं आणि त्याच्याआड दिसेनासा झाला.

"किल्ली फिरव," आतून आवाज आला.

मी अर्धीच फिरवली. टक्क असासुद्धा आवाज झाला नाही.

"पुन्हा."

पुन्हा अर्धीच.

"अहो, पण तुम्ही किल्ली पूर्ण—" कोरीन म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. ती थांबली आणि खिडकीबाहेर गायी बघू लागली. शहाणी बाई.

बॉनेटच्या खाली जी फट राहते, तिच्यातून मला जिल्बेरचे दोन हात दिसत होते. गाडीच्या पत्र्यावर टेकलेले. कुठली वायर चाचपत नव्हते की काही हलवत नव्हते. नुसते टेकलेले होते. मध्ये निळ्या सदऱ्याचा एक तुकडा वरखाली, वरखाली होत होता. बराच वेळ तसंच चाललं. बाहेर जाऊन त्याला धरावं असं मला फार वाटलं. या माणसावर मी किती वेळा चिडले असेन त्याला गणती नाही, पण त्या फटीतून बघताना मला त्याची इतकी माया आली की डोळे भरले. मी जागची हलले मात्र नाही. बॉनेटच्या आड तो एकटा होता आणि त्या वेळी त्याला तेवढंच हवं होतं.

हळूहळू तो निळा तुकडा संथ झाला. मग हात हलले. बॅटरीखालच्या काळ्या चिखलात त्यानं ते दोन्ही चांगले माखून घेतले, आधी तळवे, मग पाठी.

"वायर ढिली झालीय," तो म्हणाला. "आता फिरव." आणि थोडं थांबून, "पूर्ण फिरव."

गाडी एका झटक्यात सुरू झाली.

त्यानं बॉनेट आपटलं. चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. माझ्याकडे न बघता तो कोरीनला म्हणाला, "या गाडीचा आता भरवसा नाही, बाईसाहेब. दोन बायकांना घाटात टाकून मला पुढे जाता यायचं नाही."

"नाहीच मुळी," कोरीन म्हणाली. "आम्ही काय केलं असतं?" आणि सुजलेला गुडघा सांभाळत ती मागच्या सीटवर जाऊन बसली.

सायकल त्यानं स्वतःच चढवली. मी मदतीला उतरले तर म्हणाला, "तू बस. पुन्हा बंद पाडशील."

उरलेली दोन वळणं गाडीला काहीच वाटली नाहीत. क्रूस माझ्या बाजूनं गेला. जिल्बेर त्याच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होता. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती दरड होती.

गावच्या सभागृहात बटाटा आणि चीज घोटलेल्या मोठमोठ्या कढया येत होत्या आणि सगळे जेवायला बसले होते. जिल्बेर व्हॅनमधून उतरताना दिसला तसा गोंगाट थोडा कमी झाला. रोलाँनं घास तसाच हातात धरला.

जिल्बेरनं दारातच दोन्ही काळे हात वर केले. "बघा! आर्लेतनं गाडी बंद पाडली. चांगला वरती पोचत आलो होतो आणि मागे हिची ही तऱ्हा."

"मेकॅनिकची बायको आणि गाडी बंद!" रोलाँ ओरडला, आणि मग काय विचारता. दिव्याखाली अंधार म्हणाले, क्लच सोडायला शिकवा हिला म्हणाले, पुढच्या वर्षी बैल जुंपा म्हणाले. मी सगळं ऐकून घेतलं. एकाला तर सांगितलंही, की हो बाबा, मला मेलीला कळतंय काय गाडीतलं! कोरीन समोर बसून ताटाकडे बघत जेवत होती.

जेवणं आटोपल्यावर मी बाहेर व्हॅनपाशी आले. थोड्या वेळानं जिल्बेर आला. हात अजून धुतले नव्हते. सायकल उतरवायला आला असेल असं मला वाटलं. पण तो सायकलीकडे गेला नाही, माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला, "झाडूगाडी मी चालवतो. तुला नाही जमत ती."

"बरं," मी म्हटलं.

"घाटात क्लच जाळतेस तू."

"जाळते खरी."

त्यानं काळा हात पुढे केला. मी व्हॅनची किल्ली त्यावर ठेवली. सायकलवाल्यांच्या सदऱ्याला पाठीमागे कमरेशी तीन खिसे असतात, केळं, पाणी, पंक्चरचं सामान ठेवायला. मधल्या खिशात एक केळं तसंच राहिलं होतं. ते काढून त्यानं मला दिलं आणि त्या जागी किल्ली टाकली.